पाहुण्याला ‘ऑन द बीच’ सांगितलंत म्हणजे नेमकं काय सांगितलंत?

पावसाळा सरला की किनाऱ्यावरच्या गावांत एकच लगबग असते, खोल्यांना रंग, गाद्या उन्हात, खळं सारवून घेणं, आणि हल्ली त्याच्या जोडीला मोबाइलवरची लिस्टिंग नीट करणं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, होमस्टेचे बोर्ड दिसतात, बुकिंग ऑनलाइन येतं, आणि पाहुणा बंगळूरचा किंवा दिल्लीचा असला की बोलणं इंग्लिशमध्ये करावं लागतं. घरात दहावी-बारावी झालेली पोरं असतात, शब्द सगळे येत असतात, रूम येतं, बाथरूम येतं, ब्रेकफास्ट येतं. अडतं ते इन, ऑन, ॲट, बाय, टू, फॉर ह्या बारक्या शब्दांपाशी.

आमच्या बाजूला एका होमस्टेच्या लिस्टिंगमध्ये ‘ऑन द बीच’ लिहिलेलं होतं. घर किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. पाहुणे आले, सामान गाडीतच ठेवलं आणि पैसे परत मागायला लागले. मालकाच्या मनात फसवायचं अजिबात नव्हतं, आपण मराठीत ‘बीचवरच आहे आमचं घर’ असं सहज म्हणून जातो आणि ऐकणाऱ्यालाही त्यातलं कमी-जास्त कळतं. इंग्लिश वाचणारा मात्र ‘ऑन द बीच’ वाचून असं समजतो की दार उघडलं की वाळू. ‘नियर द बीच’ किंवा ‘अ टेन मिनिट वॉक फ्रॉम द बीच’ एवढं लिहिलं असतं तर वादच झाला नसता. म्हणून हा लेख, आणि फक्त होमस्टेवाल्यांसाठी नाही, मर्चंट नेव्हीच्या किंवा हॉटेलच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांसाठीपण.

हे बारके शब्द करतात काय

इंग्लिशमध्ये ह्यांना प्रेपोझिशन म्हणतात, शाळेतल्या व्याकरणात आपण शब्दयोगी अव्यय शिकलो ते साधारण हेच. नामाचं बाकीच्या वाक्याशी नातं काय, म्हणजे कुठे, कधी, कोणासाठी, कशाने, ते हे शब्द सांगतात. मराठीत हे काम नामाच्या मागून होतं आणि शब्दाला चिकटून होतं: घरात, टेबलावर, मालवणला, शुक्रवारपर्यंत. त्यातले काही विभक्तीचे प्रत्यय, काही शब्दयोगी अव्ययं, पण काम तेच. इंग्लिशमध्ये ते नामाच्या आधी येतं आणि सुटं येतं.

हजारेक वर्षांपूर्वी इंग्लिशमध्येसुद्धा आपल्यासारखे नामाला प्रत्यय लागायचे. हळूहळू ते झिजले, बरेचसे गेलेच, आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर आणि ह्या बारक्या शब्दांवर येऊन पडलं. शब्द मोजके आणि कामं ढीगभर, त्यामुळे एकेका शब्दाकडे दहा-दहा कामं आहेत. आणि आपल्याकडेही तसंच आहे, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. नुसता ‘ला’ घ्या. रत्नागिरीला जातो, इथे टू. रत्नागिरीला राहतो, इथे इन. पाच तारखेला, इथे ऑन. दिवाळीला, इथे ॲट. आणि दादाला सांग, इथे काहीच नाही, ‘टेल दादा’. एका ‘ला’ची इंग्लिशमध्ये पाच उत्तरं झाली. आता ‘ला म्हणजे टू’ असं पाठ केलेल्या मुलाचं काय होणार ते उघड आहे, तो पाचपैकी चार वेळा चुकणार, आणि दोष त्याचा नाही, शिकवण्याचा आहे.

जाळं विणणाऱ्याला विचारा, गाठ सुटी काढून दाखव म्हणून, तो दाखवू शकणार नाही, कारण गाठ ही दोन दोऱ्यांमुळेच असते. हे शब्द तसेच आहेत. ‘ॲट’ एकटा शिकून उपयोग नाही, ‘ॲट नाइट’ शिकायचं, ‘गुड ॲट कुकिंग’ शिकायचं, दोन्ही दोऱ्यांसकट. असा जो अख्खा तुकडा तयार होतो तोच खरा शब्द समजायचा. मला ह्या सगळ्या लेखात एवढीच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळी तिची उदाहरणं.

जागा: इन, ऑन, ॲट, आणि मराठीत जोडीदार नसलेला ऑफ

जागेच्या बाबतीत तरी एक चित्र डोळ्यासमोर धरता येतं. आत असलं की इन, पृष्ठभागावर किंवा रेषेवर असलं की ऑन, नकाशावरचा एक ठिपका म्हणून बघत असलो की ॲट. आम्ही कणकवलीत राहतो, ‘वी लिव्ह इन कणकवली’, कारण गाव आपल्याभोवती आहे. पण ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट कणकवली’, कारण गाडीच्या दृष्टीने कणकवली हा वाटेवरचा एक ठिपका. रस्ता, नदी, किनारा ह्या रेषा, म्हणून हॉटेल ‘ऑन द मुंबई-गोवा हायवे’ आणि मालवण ‘ऑन द कोस्ट’. मजल्यालापण ऑनच, ‘ऑन द फर्स्ट फ्लोअर’, इथे ‘इन’ किंवा ‘ॲट’ लिहिलेलं मी खूप लिस्टिंगमध्ये बघितलंय.

मग सिंधुदुर्ग किल्ला कुठे आहे हे कसं सांगायचं? ‘ऑन द कोस्ट’ नाही, कारण तो किनाऱ्यावर नाही. ‘इन मालवण’ म्हटलं तर पाहुणा गावात गाडी फिरवत किल्ला शोधत बसेल. इथे ‘ऑफ’ लागतो, ‘ऑन ॲन आयलंड ऑफ मालवण’. किनाऱ्यापासून सुटून, पण त्याच्या समोरच पाण्यात, एवढं सगळं त्या एका ऑफमध्ये येतं. मुरुडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, सगळ्यांना हाच ऑफ. मराठीत ह्याला एका शब्दाचा जोडीदार नाही, म्हणून आपल्याला तो सुचतच नाही, आणि नेमका आपल्याच किनाऱ्याला तो सगळ्यात जास्त लागतो. (दोन एफवाला ऑफ हा, एक एफवाला वेगळा, बोलताना त्याचा उच्चार साधारण ‘अव्ह’ होतो.)

समुद्राचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. घर ‘बाय द सी’ म्हणजे समुद्राकाठी. माल ‘बाय सी’ गेला म्हणजे जलमार्गाने गेला, मध्ये ‘द’ नाही. भाऊ जहाजावर नोकरीला आहे, सध्या बोटीवर आहे, तर तो ‘ॲट सी’. मुलं पोहतायत ती ‘इन द सी’. आता विचार करा, कोणी ऑफिसात कळवलं की ‘माय ब्रदर इज इन द सी’, तर वाचणाऱ्याला भाऊ पाण्यात आहे असं वाटणार, आणि आपल्या भागात ते वाक्य साधं नाही.

वाहनांना एक सोपी खूण आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन: बस, ट्रेन, बोट, विमान. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला इन: कार, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतो त्याला परत ऑन: बाइक, सायकल. लहान होडीलापण इन. म्हणून दाभोळहून धोपाव्याला जाताना तुम्ही गाडीतून न उतरता फेरीवर चढलात तर तुम्ही एकाच वेळी ‘इन द कार’ आणि ‘ऑन द फेरी’ असता, आणि दोन्ही बरोबर. प्रवास कशाने केला हे सांगायचं तर ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’, पण मध्ये माय किंवा द आला की बाय निघून जातो, ‘इन माय कार’, ‘ऑन द नाइन थर्टी बस’. आणि चालत असेल तर ‘ऑन फूट’. ‘बाय फूट’ नाही.

पत्ता सांगताना ‘समोर’ घात करतो. देऊळ रस्त्याच्या एका बाजूला आणि आपलं घर दुसऱ्या बाजूला असेल तर ‘ऑपोझिट द टेम्पल’. ‘इन फ्रंट ऑफ द टेम्पल’ म्हणजे देवळाच्या पुढ्यातच, मध्ये रस्ता नाही, जिथे रिक्षा उभ्या असतात तिथे. पाहुणा रात्री पोचणार असेल तर हा फरक चांगलाच नडतो. तसंच ‘बिसाइड’ म्हणजे बाजूला आणि ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय, एका एसमध्ये अर्थ बदलतो.

वेळ: ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ इथे पैसे जातात

घड्याळाची वेळ असली की ॲट, दिवस किंवा तारीख असली की ऑन, त्याहून मोठं काही असलं, महिना, वर्ष, ऋतू, की इन. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती ‘ऑन २६ जानेवारी १९९८’. नुसतं वर्ष सांगितलं तर ‘इन १९९८’. तारीख आली की ऑन, मग महिना-वर्ष सोबत असले तरी ऑनच. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ऑन संडे मॉर्निंग’, कारण दिवस आला. ‘ॲट नाइट’ ह्याला काही कारण शोधत बसू नका, तो तुकडा तसाच घ्यायचा. आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी हे शब्द आले की त्यांच्या आधीचा बारका शब्द गळतो, ‘वी विल कम नेक्स्ट संडे’, ‘ऑन नेक्स्ट संडे’ नाही.

आता मुख्य. ‘शुक्रवारपर्यंत पैसे पाठवा’ आणि ‘आम्ही शुक्रवारपर्यंत राहणार’, मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्लिशमध्ये पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’ किंवा ‘अनटिल फ्रायडे’. बाय म्हणजे त्या मुदतीच्या आत कधीतरी एकदा काम व्हायला हवं. टिल म्हणजे तोपर्यंत ती गोष्ट सतत चालू राहणार. ‘प्लीज पे द बॅलन्स टिल फ्रायडे’ वाचणाऱ्याला कळत नाही की एकदा द्यायचेत की रोज द्यायचेत, तो अंदाजाने घेतो, आणि अंदाज चुकला की ‘तुम्ही कुठे शेवटची तारीख सांगितली होती’ असं ऐकावं लागतं. बुकिंगच्या मेसेजमधला मला तरी हा सगळ्यात महाग पडणारा शब्द वाटतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा ठेवा. उलटी चूकपण होते, ‘द रूम इज युवर्स बाय मंडे’ लिहिलं तर सोमवार यायच्या आत खोली मिळेल असा अर्थ निघतो, आणि तुम्हाला म्हणायचं असतं सोमवारपर्यंत राहा.

‘पासून’चं असंच. ‘पाच वर्षांपासून काम करतोय’ ह्याचं इंटरव्ह्यूमध्ये ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं, नाहीतर ‘फ्रॉम फाइव्ह इयर्स’. किती काळ हे सांगताना फॉर लागतो, कधी सुरुवात झाली हे सांगताना सिन्स. ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स’, ‘सिन्स २०१९’. क्रियापदपण सोबत बदलतं हे बघा, ‘ॲम वर्किंग’चं ‘हॅव बीन वर्किंग’ होतं, म्हणून म्हणतो अख्खा तुकडा घ्या.

जोड्याही ठरलेल्या आहेत. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीची तारीख पाहुण्यांना सांगताना लोक ‘बिट्वीन १ जून टू ३१ जुलै’ लिहितात. बिट्वीन आला की त्याच्याबरोबर ॲन्ड येतो, फ्रॉम आला की टू येतो, एकाचा जोडीदार दुसऱ्याला लावायचा नाही.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळेला, गाडी ऑन टाइम आहे. ‘इन टाइम’ म्हणजे उशीर व्हायच्या आत, शेवटच्या फेरीला इन टाइम पोचलो. ‘ऑन द वे’ म्हणजे वाटेत आहे, येतोय. ‘इन द वे’ म्हणजे आडवा आलाय. जेटीवर कोणाला ‘युवर कार इज इन द वे’ म्हटलं तर गाडी बाजूला घ्या असं सांगितलंत, ‘ऑन द वे’ म्हटलं तर तो म्हणेल माझी गाडी तर इथेच आहे.

काही ठिकाणी बारका शब्द नकोच असतो

‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू रत्नागिरी’, ‘रिक्वेस्ट फॉर अ रूम’, ‘व्हिजिट टू गणपतीपुळे’, हे आपण सगळीकडे ऐकतो, आणि गंमत अशी की ह्यातले बरेचसे अर्धे बरोबर आहेत. एकच शब्द क्रिया म्हणून वापरला की बारका शब्द लागत नाही, नाम म्हणून वापरला की लागतो. ‘वी व्हिजिटेड गणपतीपुळे’, इथे टू नाही. ‘अवर व्हिजिट टू गणपतीपुळे’, इथे टू हवा. ‘वी डिस्कस्ड द रेट’, पण ‘अ डिस्कशन अबाउट द रेट’. ‘आय रिक्वेस्ट अ रूम’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर अ रूम’. आपल्या कानावर दोन्ही पडलेलं असतं आणि डोक्यात ते एकमेकांत मिसळतं. एवढा एक नियम कळला की बऱ्याच चुका आपोआप जातात. रीचला मात्र कधीच टू नको, ‘वी रीच्ड चिपळूण’. अराइव्हला हवा, पण टू नाही, ‘अराइव्ह्ड ॲट द स्टेशन’, ‘अराइव्ह्ड इन चिपळूण’.

‘डिस्पाइट ऑफ’ ही अशीच मिसळ. एक आहे ‘इन स्पाइट ऑफ द रेन’, दुसरा आहे ‘डिस्पाइट द रेन’, अर्थ एकच. आधी इंग्लिशमध्ये ‘इन डिस्पाइट ऑफ’ असं लांबलचक म्हणायचे, त्यातलं पुढचं-मागचं गळून नुसता डिस्पाइट राहिला, त्यामुळे आता त्याला ऑफ परत लावायचा नाही.

आणि उलट, जिथे हवा तिथे आपण गाळतो. ‘एक्स्प्लेन मी’ नाही, ‘एक्स्प्लेन टू मी’. ‘रिप्लाय मी’ नाही, ‘रिप्लाय टू मी’. ‘वेट मी’ नाही, ‘वेट फॉर मी’. पे ह्या शब्दाला नीट बघा, ‘पे मी’ बरोबर, ‘पे द बिल’ बरोबर, पण खोलीचे पैसे म्हणजे ‘पे फॉर द रूम’.

जेवणाच्या टेबलावर दोन तुकडे हमखास लागतात. ‘मेड ऑफ’ आणि ‘मेड फ्रॉम’. मूळ वस्तू तशीच दिसत असेल तर ऑफ, सावंतवाडीची खेळणी ‘मेड ऑफ वुड’. मूळ वस्तूचं रूप बदलून गेलं असेल तर फ्रॉम, कोकम सरबत ‘मेड फ्रॉम कोकम’. काय काय घातलंय ते सांगायचं तर विथ, सोलकढी ‘मेड विथ कोकोनट मिल्क’. दुसरा तुकडा ‘ॲलर्जिक टू’. पाहुण्याने ‘आय ॲम ॲलर्जिक टू प्रॉन्स’ लिहिलं तर कोळंबी त्याच्या ताटापासून लांब ठेवायची, ह्यात अंदाजाला जागा नाही.

‘पण समोरच्याला कळलं ना, मग झालं की’

हे मला नेहमी ऐकायला मिळतं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. ‘डिस्कस अबाउट’ म्हणालात म्हणून कोणाचं काही बिघडत नाही, भारतातच काय, नायजेरियातही लोक तसंच म्हणतात. म्हणून मी चुकांचे दोन ढीग करायला सांगतो. एका ढिगात नुसत्या कानाला खटकणाऱ्या चुका, दुसऱ्यात अर्थ बदलणाऱ्या. बाय आणि टिल, ऑन द बीच आणि नियर द बीच, ऑपोझिट आणि इन फ्रंट ऑफ, इन टाइम आणि ऑन टाइम, हे दुसऱ्या ढिगातले, हे आधी दुरुस्त करा. परीक्षेचा पेपर किंवा इंटरव्ह्यू असेल तर पहिला ढीगपण उपसावा लागतो, तिथे खटकलेल्याचे मार्क जातात. पण ज्या बाईला स्वयंपाकघर सांभाळून मेसेज लिहायचेत तिने ‘रिक्वेस्ट फॉर’ची चिंता करत बसू नये.

मोबाइल चुका दाखवतो ना, हा दुसरा प्रश्न. स्पेलिंगच्या दाखवतो, काही बारक्या शब्दांच्याही दाखवतो. पण ‘अवर हाउस इज ऑन द बीच’ ह्या वाक्यात व्याकरणाची काहीच चूक नाही, मोबाइल कशाला लाल रेघ ओढेल? तुमचं घर किनाऱ्यापासून किती लांब आहे ते त्याला थोडंच माहीत आहे. अर्थाची चूक माणसालाच पकडावी लागते.

ब्रिटिश वेगळं, अमेरिकन वेगळं, मग बरोबर कुठलं

दोन्ही. ब्रिटिश ‘ॲट द वीकेन्ड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेन्ड’. ब्रिटिश फॉर्म ‘फिल इन’ करतात, अमेरिकन ‘फिल आउट’. ‘डिफरन्ट टू’ ब्रिटनमध्ये चालतं, ‘डिफरन्ट दॅन’ अमेरिकेत, ‘डिफरन्ट फ्रॉम’ दोन्हीकडे, म्हणून आपण तेच धरावं. अमेरिकन पाहुण्याने ‘मंडे थ्रू फ्रायडे’ लिहिलं तर शुक्रवार धरून, हे बुकिंग घेताना लक्षात ठेवा.

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ नये असं काहींना शाळेत शिकवलेलं असतं. सतराव्या शतकात, १६७२ मध्ये, जॉन ड्रायडन ह्या इंग्लिश कवीने ह्यावर आक्षेप घेतला आणि मग तो पुढे नियमासारखा पसरला, पण इंग्लिश लोक आधीही तसं बोलत होते आणि आजही बोलतात. ‘व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?’ हे अगदी बरोबर आहे. उलट शेवटचा फ्रॉम काढलात तर प्रश्न तुटतो.

मेसेजच्या शेवटी जे लिहितो ते

शेवटची ओळ सगळेच लिहितात, आणि त्यातच चूक होते: ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू वेलकम यू’. इथला टू हा ‘टू गो’, ‘टू ईट’मधला टू नाही, हा प्रेपोझिशन आहे, आणि त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखं वागणारं आयएनजीचं रूप लागतं. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू वेलकमिंग यू’, ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. कुठला टू आहे हे ओळखायचं असेल तर त्याच्यापुढे एखादं साधं नाम ठेवून बघा, ‘टू युवर व्हिजिट’ असं बसतंय का. बसत असेल तर पुढे आयएनजी लावा. आणि घाईत ते आठवलं नाही तर सरळ ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर स्टे’ लिहा, तिथे क्रियापदच नाही, त्यामुळे चुकायलाही काही उरत नाही.